नारळ फुटेपर्यंत

ज्या गावात पायाखाली नारळ येऊन माणूस धडपडतो, त्या गावात एक नारळ फुटला नाही म्हणून माझी गाडी दोन दिवस अडकून पडली होती. गावाचं नाव सांगत नाही. श्रीवर्धन तालुक्यात आहे, समुद्र आहे, देऊळ आहे आणि मला तिथं पुन्हा जायचं आहे, एवढ्यावर भागवा.

मुळात माझं आणि टक्क्यांचं पहिल्यापासून वाकडं. नववीत बीजगणितात ४१ टक्के पडले तेव्हा वडील तीन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. पुढं एका कंत्राटदाराकडं हिशेब लिहायला लागलो, तिथं टक्का या शब्दाचा दुसरा अर्थ कळला आणि मी बाणेदारपणे नोकरी सोडली. (बायको म्हणते, बेरजा चुकत होत्या म्हणून त्यांनीच काढलं. असो.) पन्नाशी आली तेव्हा वाटलं, सुटलो. मग सेकंडहँड विजेची मोटार घेतली. पेट्रोलच्या गाडीला काटा असतो. काटा घरातल्या वडीलधाऱ्यांसारखा मोघम बोलतो. 'आहे अजून थोडं, जाल.' ही गाडी गणिताच्या मास्तरांसारखी आकडा तोंडावर फेकते. एसी लावला की एक गेला. चढ आला की दोन गेले. मी शिंकलो तरी एक जाईल अशा भीतीनं मी गाडीत शिंकत नाही.

स्वारीत आम्ही तिघं. मी, बायको आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणतो. वय ७४, वीज मंडळातून निवृत्त. मंडळाची २००५ साली वाटणी होऊन निर्मिती, पारेषण, वितरण अशी वेगळी चूल मांडली गेली, पण अण्णांच्या तोंडी अजून 'बोर्ड'च. त्यांच्या खिशात एक वेळ पेन नसेल, टेस्टर असतोच. लग्नाच्या बोलणीला आमच्या घरी आले तेव्हा पोहे यायच्या आत त्यांनी दिवाणखान्यातल्या पॉइंटला टेस्टर लावून पाहिला होता. "वायरिंग उलटं आहे," त्यांनी घरी जाऊन सांगितलं, "पण मुलगा सरळ वाटतो."

ठाण्याहून निघालो तेव्हा टक्के होते ८२. शंभर हवे होते. पण आमच्या सोसायटीत चार्जिंगचा ठराव पास होताना त्याला एक उपसूचना चिकटली आहे: रात्री अकरानंतर प्लग काढायचा. का, ते कुणालाच ठाऊक नाही. उपसूचना मांडणारे गृहस्थ फ्लॅट विकून बंगळुरूला गेले, उपसूचना इथंच राहते. वॉचमन तिची अंमलबजावणी घड्याळ लावून करतो.

मुंबई–गोवा महामार्गाचं नाव कुणी काढलं नाही. तो २०११ पासून रुंद होतोय. आपण त्याच्या कामात व्यत्यय का आणा. अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोल माफ आहे, तो न भरलेला टोल मी मनात खिशात घातला आणि त्याच्या कितीतरी पट पैसे मोजून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो पकडली. बायकोला बोट हवी होती. मला तर बोट फारच आवडली. तासभर समुद्र कापला आणि टक्का एकही गेला नाही. डेकवर सगळे मुंबईचे फोटो काढत होते, मी खाली जाऊन आमच्या पडद्याचा काढला.

अलिबागला अण्णांनी गाडी थांबवायला लावली. मला वाटलं, किल्ला. ओहोटी होती, लोक वाळूतून चालत कुलाब्याच्या किल्ल्याकडं निघाले होते. अण्णांनी किल्ल्याकडं पाठ केली आणि भूचुंबकीय वेधशाळेच्या फाटकापाशी जाऊन देवळासमोर उभं राहावं तसे उभे राहिले.

"ही इथं का आली, ठाऊक आहे?" त्यांनी विचारलं. मला ठाऊक नसतं हे त्यांना ठाऊक असतं. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालायची. घोड्यांच्या ट्राम होत्या तोवर सुयांना त्रास नव्हता. मग ट्राम विजेवर न्यायचं घाटू लागलं. रुळांतून करंट खेळणार, सुया नाचणार, साठ वर्षांचा हिशेब बिघडणार. म्हणून डॉ. नानाभाई मूस यांनी ते काम उचलून अलिबागला आणलं, १९०४ साली. इमारतीत लोखंड नको, म्हणून दगडसुद्धा पारखून आणला. विजेची ट्राम मुंबईत धावली ती त्यानंतर, १९०७ मध्ये.

"म्हणजे बघा," अण्णा म्हणाले, "विजेच्या गाडीपासून लांब म्हणून त्यांनी हे गाव निवडलं. आणि तुम्ही इथंच विजेची गाडी घेऊन आलात."

मी वेधशाळेकडं बघून अर्धवट मान लववली. पुढं जे झालं ते मी त्या सुयांच्या शापात धरतो.

रेवदंड्याला खाडी ओलांडली. या चौल-रेवदंड्यात पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा विकायला घेऊन उतरला होता. तो घोडा पुढं जुन्नरच्या खानानं अडकवून ठेवला, मोठ्या मिनतवारीनं सुटला. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. वाहन घेऊन या किनाऱ्यावर आलेल्या आणि अडकलेल्या माणसांत मी पहिला नाही, हे मला त्या वेळी कळलं असतं तर बरं झालं असतं. काशीदला समुद्र होता. जंजिरा लांबून दिसला, अभेद्य वाटला. आगरदांड्याला गाडी फेरीबोटीवर चढवली, दिघीला उतरवली. मधे मी एकदा आत्मविश्वासानं रस्ता चुकलो, तो चढाचा निघाला. गावात शिरलो तेव्हा पडद्यावर ९ होते आणि त्यांचा रंग तांबडा झाला होता.

पण मी निर्धास्त होतो. नकाशावर या गावात नवं चार्जिंग स्टेशन दाखवत होते. हिरवा ठिपका. ठिपक्याखाली बारीक अक्षरांत 'लवकरच' असं होतं, ते मी चष्मा न लावता 'चालू' असं वाचलं होतं.

"दोन्हीत च आहे आणि ल आहे," मी म्हणालो.

"चपलेतही आहे," बायको म्हणाली.

स्टेशन होतं. नवंकोरं शेड, खाली पिवळे पट्टे, मधोमध यंत्र. यंत्राला नव्या नवरीसारखं आपादमस्तक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं होतं आणि वर झेंडूचा एक हार, दोन दिवसांपूर्वीचा. शेजारी खुर्चीवर एक राखणदार कलिंगडाच्या बिया सोलत बसला होता.

"बंद आहे का?"

"छे, चालू आहे की. टेस्टिंग झालंय, लाइट आलीय." त्यानं प्लॅस्टिक किंचित बाजूला केलं. आत एक हिरवा दिवा शांतपणे जळत होता. अण्णांनी कान लावला. "गुणगुणतंय," ते गहिवरून म्हणाले.

"मग लावू का?"

"उद्घाटन कुठं झालंय? नारळ फुटायचाय."

"कधी फुटणार?"

"परवा होता. साहेबांना जमलं नाही. आज होता. साहेबांना जमलं नाही. आता उद्या आहे."

"आणि उद्या साहेबांना जमलं नाही तर?"

राखणदारानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की या माणसाला महाराष्ट्रात राहून किती वर्षं झाली असावीत. मी वर पाहिलं. शेडला टेकून चार माड उभे होते, प्रत्येकाला पंधरा-वीस नारळ. मी त्याला म्हटलं, एक आत्ताच फोडू, नुसता माणुसकीचा. तो म्हणाला, "फोडा ना. पानी गोड हाय. पन त्यानं उद्घाटन होत नाय."

इथं मला माझं थोडं बोलायचं आहे. सरकारचं २०२५ चं धोरण सांगतं की राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय असावी. असू दे. यंत्र बसवायला जागा लागते, लोड मंजूर व्हावा लागतो, ट्रान्सफॉर्मर लागतो, तपासणी लागते, आणि ही सगळी माणसं आपापली कामं निमूट करतात. काम संपतं. वीज येते. दिवा लागतो. आणि मग ती तयार वस्तू, लोकांच्या डोळ्यांदेखत, एका माणसाच्या सवडीसाठी झाकून ठेवली जाते. पूल झाकतात, दवाखाने झाकतात, शाळेच्या मुताऱ्यासुद्धा झाकून ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. मुलं बाहेर भिंतीशी उभी. माझं बीजगणित कच्चं आहे, पण यातला क्ष कोण ते मला कळतं.

९ टक्क्यांत पुढचं चालू स्टेशन बसत नव्हतं. मुक्काम आधीच ठरला होता तो एका वाडीत. मोठी कौलारू पडवी, मागं सुपारीची आणि नारळाची आगरं, मालकीणबाई एकट्याच, साठीच्या पुढच्या. त्यांना सगळे काकू म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. गाडीबरोबर साध्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर चालणारा चार्जर असतो. तासाला जेमतेम तीन युनिटं आत जातात; आमची बॅटरी तीस युनिटांची. म्हणजे रात्र काढली की काम झालं. असा पॉइंट काकूंकडं एकच, पंपाच्या खोपटात. मी ऐटीत प्लग लावला. चार्जरवर तांबडा दिवा लुकलुकला. काढून लावला. लुकलुकला. मी त्याला हळूच थोपटलं. अण्णा मागं उभे राहून हे सगळं बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर पहिल्यांदाच पूर्ण समाधान होतं.

"अर्थिंग नाही," ते म्हणाले आणि टेस्टर काढला.

पॉइंटच्या तिसऱ्या भोकापासून अण्णांनी वायरचा माग काढला. ती खोपटाबाहेर गेली, कुंपणावरून गेली आणि एका माडाच्या बुंध्यात ठोकलेल्या खिळ्याला तीन वेढे घालून संपली.

"माडाला?" अण्णांचा आवाज चिरकला. "अर्थिंग माडाला?"

"तात्पुरतं म्हणून बांधलंन," काकू म्हणाल्या. "तशीच राहिली."

मग अण्णांनी माझी शिकवणी घेतली. गाडीच्या अंगात चुकून करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला वाट हवी. वाट दिली नाही तर तो स्वतः शोधतो. "आणि शोधताना त्याला तुम्ही सापडता," अण्णा म्हणाले. ते बघूनच चार्जर आधी वाट तपासतो आणि नसेल तर हटून बसतो. त्या चार्जरला जेवढी माझी काळजी होती, तेवढी आमच्या सोसायटीला नाही.

रात्री साडेआठ वाजता, मोबाइलच्या उजेडात, मी सासऱ्यांच्या देखरेखीखाली खड्डा खणू लागलो. जावयाला धोंड्याच्या महिन्यात चांदीचं ताट देतात म्हणे. मला कुदळ मिळाली. वाळू कोरडी असते तोवर करंटला नको असते, ओल लागली पाहिजे. कमरेएवढं गेल्यावर लागली. काकूंच्या जुन्या पंपाचा लोखंडी पाइप होता, तो आत ठोकला.

"मीठ लागेल," अण्णा म्हणाले.

काकूंनी वाटीतून आणलं.

"पाच किलो."

त्या बघतच राहिल्या. मग आतून जाड्या मिठाची पिशवी आली, बंबाखालचा कोळसा आला. मिठाचा थर, कोळशाचा थर, पुन्हा मीठ. "भरल्या वांग्यासारखं करताय," बायको म्हणाली. वर दोन बादल्या पाणी. नवी वायर पाइपला आवळली. अण्णांनी मला बाजूला सारून स्वतः प्लग लावला.

हिरवा.

अण्णांनी काही केलं नाही. टेस्टर पुसला आणि खिशात ठेवला.

जेवायला उकडीचे मोदक होते, ते मी खड्डा खणणाऱ्याच्या हक्कानं अकरा खाल्ले. मग पडवीत बसलो. अण्णांनी सहज विचारलं, "तात्पुरतं म्हणजे कधीचं हो ते, माडाचं?"

"वादळातलं," काकू म्हणाल्या.

३ जून २०२०. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनंच जमिनीवर चढलं. काकू पाठच्या खोलीत दाराला पाठ लावून बसल्या होत्या. कौलं उडाली त्याचं त्यांना विशेष नव्हतं, कौलं मिळतात. सुपाऱ्या मोडताना आवाज होतो, म्हणाल्या, बोटं मोडल्यासारखा. एकामागून एक. तो मोजत बसल्या होत्या, मग मोजायचं सोडलं. सगळे खांब आडवे. कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतून वायरमन आले, शाळेत निजले, पावसात खांब उभे करत राहिले. "आषाढी उलटून गेल्यावर लाइट आली. एक पोरगा होता, विदर्भाकडचा. त्यानं पंप चालू करून दिलान आणि ती वायर बांधलान. म्हणाला, काकू, नंतर येऊन नीट करतो. पुढच्या गावाला जायचं होतं त्याला. अजून कुठं कुठं अंधार होता."

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. "मग बरोबर केलं त्यानं," ते म्हणाले. "आधी लाइट."

सुपारीचं झाड हाताशी यायला पाच-सहा वर्षं घेतं. त्या पावसाळ्यात लावलेली रोपं आता काकूंच्या डोक्यावर गेली आहेत. यंदा एक-दोघांनी पोय टाकली आहे, म्हणाल्या, आणि अंधारात त्या दिशेला हात केला. आम्हाला काही दिसलं नाही. अण्णांनी मात्र मान हलवली.

पहाटे उठून बघतो तर ४४. रात्री दोनला काकूंच्या गड्यानं प्लग काढून पंप लावला होता. "झाडांना पानी नको?" तो म्हणाला. या प्रश्नाला उत्तर नव्हतं. ४४ टक्क्यांत ठाणं येत नाही, तेव्हा मी पुन्हा प्लग लावायची वाट बघत स्टेशनवर गेलो. तिथं मांडव पडला होता, फीत आली होती, ध्वनिक्षेपक 'हॅलो, माइक चेक' म्हणत होता. पुण्याचं एक जोडपं ६ टक्क्यांवर गाडी सावलीत लावून आत एसीशिवाय बसलं होतं. आम्ही एकमेकांकडं स्वातंत्र्यसैनिकांसारखं बघितलं.

त्या दिवशीही साहेबांना जमलं नाही. मात्र संयोजकांपैकी एक तरुण माझ्याकडं धावत आला. त्यांच्या ध्यानात एक गोष्ट फार उशिरा आली होती: साहेबांची गाडी डिझेलची, साहेबांच्या मागच्या सहा गाड्या डिझेलच्या, आणि फोटोत यंत्राला लावायला विजेची गाडी कुठून आणायची?

"पुण्याची आहे ना ती," मी म्हणालो.

"ती काळी आहे. काळी नको शुभकार्याला."

आमची पांढरी. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्या तरी निकषात बसलो होतो. मी होकार दिला. पुण्याच्या जोडप्याला मी काकूंच्या पंपाचा पत्ता देऊ केला, पण त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडाला होता. (रात्री ते आलेच. पहिला नंबर अण्णांनी त्यांना दिला, दहापर्यंत. त्यांचं भागलं, मग आमची गाडी रात्रभर. गड्याला अण्णांनी पंपासाठी वेगळा पॉइंट काढून दिला होता.)

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराचं उद्घाटन. साहेब निघाले अशी पक्की खबर. आमच्या गाडीला हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि मांडवाशी पोचताच थबकले. मांडवातल्या दिव्यांची वायर पाठीमागून शेजारच्या खांबावर गेली होती आणि तिथं तारेला नुसती अडकवली होती.

"आकडा!" अण्णा म्हणाले. "चार्जिंग स्टेशनच्या उद्घाटनाला आकडा!" नोकरीभर ज्यांनी आकडे उतरवले त्यांना हे सोसवेना. बायकोनं त्यांचा टेस्टर काढून आपल्या पर्समध्ये ठेवला.

साहेब आले ते चारला. नारळ फुटला. एका फटक्यात फुटला, याबद्दल टाळ्या झाल्या. फीत कापली. तरुणानं यंत्राची ती जाडजूड नळी माझ्या हाती दिली, मी ती गाडीला लावली, कॅमेरे सरसावले आणि यंत्राच्या पडद्यावर अक्षरं आली. मी या वेळी चष्मा लावला होता. बॅटरी पूर्ण भरलेली आहे, असं यंत्र म्हणत होतं.

१००. काकूंच्या पंपानं घात केला होता. दोन दिवस ज्याची वाट पाहिली ते यंत्र आता मला द्यायला तयार होतं आणि माझ्याकडं ठेवायला जागा नव्हती.

"जरा फिरवून आणा," तरुण माझ्या कानात पुटपुटला. "पाच-दहा टक्के घालवून या. तोवर साहेबांचं भाषण होऊ द्या."

असा मी, ज्यानं शिंक दाबून टक्के वाचवले, तो हार घातलेली गाडी घेऊन, एसी अठरावर, खिडक्या उघड्या, दिवे लावून, किनाऱ्याच्या रस्त्यानं शेखाडीकडं टक्के उधळत निघालो. बायकोनं हात बाहेर काढला होता. डावीकडं डोंगर, उजवीकडं पाण्याला अगदी लगटून रस्ता, सूर्य कललेला. तीन दिवसांत मी समुद्र पहिल्यांदा पाहिला. बरा आहे.

परत आलो तेव्हा ९० होते आणि भाषण शिवकालाच्या पुढं सरकलेलं नव्हतं. नळी पुन्हा लावली. यंत्र सुरू झालं, पण रडतखडत. साहेबांनी पडद्याकडं बघून भुवया उंचावल्या. "हे फास्ट ना?"

अण्णा पुढं झाले. "साहेब, एसटीचं बघा. डेपोत गाडी लागली की पहिले तीस जण भराभरा बसतात. नंतरचे चढतात ते वाकून, इथं कुणी आहे का, तिथं रुमाल कुणाचा, असं विचारत. बॅटरीचं तसंच. ऐंशीच्या पुढं आत जागा शोधावी लागते. घाई केली तर तापते." साहेबांनी मान डोलवली. अण्णांना तेवढंच पुरलं. ते पुढची दहा मिनिटं साहेबांना सेलचं तापमान समजावत होते आणि शेवटी, आवाज खाली आणून, आकड्याकडं बोट दाखवत काहीतरी बोलले. साहेबांनी तरुणाकडं पाहिलं. पाच मिनिटांत मांडवातले दिवे विझले. उजेड होताच अजून.

काकूंनी विजेचे पैसे घेतले नाहीत. अण्णांनी किती युनिटं गेली ते कागदावर मांडलं, दर लावला, बेरीज केली, मी तपासली, चुकली. त्यांनी परत केली. काकूंनी तो कागद देवाच्या फोटोमागं खोचला आणि गाडीत उद्घाटनाच्या नारळाचं अर्धं भकल टाकलं. शिवाय न फुटलेले बारा.

ते स्टेशन आता छान चालतं, असं पुण्याचं जोडपं कळवतं. आमच्या घरी दर रविवारी सकाळी दहाला अण्णा फोन लावतात. पलीकडचं ऐकू येत नाही, अण्णांचं येतं.

"घातलंत पाणी?... नाही, खड्ड्यात हो. अर्थिंगला... एक बादली. उन्हाळ्यात दोन... आणि पोय?... दोन्ही?... अरे वा."